खांबेटेकाकांची सासुरवाडी

मेक्सिकोच्या आखातात वादळ उठलं की आमच्या वरच्या मजल्यावरचे खांबेटेकाका जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधल्या आपल्या बाल्कनीतल्या कुंड्या घरात घेतात. ते आखात आणि ही बाल्कनी यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक आणि वर फ्रान्स पसरलेला आहे. काकांना भूगोल येत नाही अशातला भाग नाही. पस्तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात सस्पेन्शन डिझाइन केलेला हा माणूस, नकाशा त्यांना माझ्यापेक्षा चांगला वाचता येतो. तरी सप्टेंबरात एखाद्या दिवशी मी घराबाहेर पडते, वर बघते, तर लख्ख ऊन पडलेलं असतं आणि काका जिरेनियमची कुंडी पोटाशी धरून आत चाललेले असतात.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी खालूनच विचारलं होतं, काय झालं म्हणून.

"वादळ येतंय," काका म्हणाले.

"इथे?"

"इथे कशाला येईल? आमच्या सासुरवाडीला. लुइझियानाला."

आणि दार लावून घेतलं.

मी नाशिकची. आठ वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आले आणि योगायोगाने एका मराठी माणसाच्या खालचा फ्लॅट मला मिळाला. माझं काम ब्रेकच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. दिवसभर मी एकच प्रश्न विचारत असते, हे असं का, आणि उत्तर मिळाल्याशिवाय फाइल बंद करत नाही. अशा बाईच्या डोक्यावर देवाने खांबेटेकाका आणून ठेवले. कारण काकांच्या हॉलमध्ये काकूंचा जो फोटो आहे, त्यातल्या कुमुदकाकू इरकली नेसलेल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, आणि मूळच्या मिरजेच्या. मी यायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. मिरजेच्या बाईचं माहेर लुइझियानाला कसं, हे मला कुणी सांगेना.

मी माझ्या परीने तर्क लढवले. काकूंचा भाऊ अमेरिकेत असेल. नाही, भाऊ मिरजेतच होता आणि त्याचं दुकानही तिथेच. मग काकांची आधीची एखादी अमेरिकन बायको असेल. हा तर्क मी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका जुन्या बाईंपाशी बोलून दाखवला, तर त्यांनी माझ्या हातावर मोदक ठेवून मला गप्प केलं. शेवटी काकांनाच विचारलं. काका म्हणाले, "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', "लांबची गोष्ट आहे," आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेले. लांबची गोष्ट आहे म्हटलं की विषय संपला, हे मला पुढे शंभर वेळा कळलं.

बरं, नुसतं म्हणून थांबतील तर ते खांबेटेकाका कसले. त्यांच्याकडे दोन घड्याळं आहेत. एक इथलं आणि दुसरं सासुरवाडीचं, सात तास मागे. दुपारी मी सहज वर गेले की काका दुसऱ्या घड्याळाकडे बघून म्हणणार, "आत्ता उठले असतील." कोण उठले असतील, हे ते सांगत नाहीत. लुइझियानाबद्दल मी काही बरंवाईट बोलले, म्हणजे तिथे डास फार असतात म्हणे किंवा उकाडा फार, तर ते ताठ बसतात. "खरं आहे तुझं. पण मी जावई माणूस, मी काय बोलणार?" दक्षिण जर्मनीत तीन आठवडे पाऊस लागला तर त्यांना ढिम्म काही वाटत नाही, पण तिकडे दोन इंच पडला की "आमच्याकडे पाणी भरलंय" म्हणून दिवसभर तोंड उतरलेलं.

शनिवारच्या आठवडी बाजारात तर मी त्यांच्यापासून चार पावलं मागे चालते. लुइझियानात म्हणे दुकानदार विकत घेतलेल्या मालावर थोडंसं आपल्या मनाने घालतो, त्याला लॅन्याप म्हणतात. आपली भाजीवाली मूठभर कोथिंबीर टाकते तसं. काका गेली कित्येक वर्षं एका श्वेबियन, म्हणजे इथल्याच, बटाटेवाल्याकडे हा लॅन्याप मागताहेत. तो दर शनिवारी शांतपणे विचारतो की म्हणजे नेमकं काय द्यायचं, आणि काका दर शनिवारी शांतपणे त्याला लुइझियानाचा इतिहास सांगतात. मागे रांग खोळंबलेली असते. एकदा त्याने वैतागून एक कांदा जास्त टाकला, तर काका घरी येईपर्यंत तो कांदा पिशवीत न ठेवता हातात घेऊन चालत होते.

त्यांच्या स्वयंपाकाचीही तीच तऱ्हा. काका शाकाहारी. कांदालसूण चालते, पण अंड्याचा केकही विचारून खातात. आणि हा माणूस महिन्यातून एकदा गंबो करतो. गंबो म्हणजे तिकडचा रस्सा, त्यात कोंबडी, कोळंबी, सॉसेज असं सगळं पडतं. काका फक्त भेंडी घालतात. सुरुवातीला तेलात मैदा घालून तो अर्धा तास मंद आचेवर हलवत राहायचं, बेसनलाडवाचं बेसन भाजतात तसं, खमंग तपकिरी होईपर्यंत. त्या अर्ध्या तासात दारावरची बेल वाजली तरी काका उघडत नाहीत. पार्सलवाला त्यांची पार्सलं माझ्याकडे देतो आणि मला विचारतो की वर काही जळतंय का.

आणि ते अकॉर्डियन. दहा बटणांचं, हातात मावेल एवढं. ही पेटी मूळची जर्मनांचीच, त्यांनी ती लुइझियानाला पाठवली आणि मी ती माघारी आणली, असं काका अभिमानाने सांगतात. शनिवारी सकाळी बाजारातून आल्यावर ते वाजवतात. एकच वॉल्ट्झ, आणि तोही अर्धाच. सूर वर चढतो, चढतो, आता उतरणार असं वाटतं, आणि काका थांबतात. मग पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं की एक वाजता इथे दुपारची शांततेची वेळ सुरू होते म्हणून थांबत असतील. पण सव्वादहालाही ते तिथेच थांबायचे. आठ वर्षं मी प्रत्येक शनिवारी त्या अर्ध्या सुराखाली कपडे इस्त्री केलेत आणि उरलेला सूर मनातल्या मनात शंभर प्रकारे पुरा केलाय. पुढचं का नाही वाजवत, विचारलं तर म्हणाले, "तेवढंच शिकून झालं. मग पाणी ओसरलं." यावर माणसाने काय समजायचं?

या सगळ्याची एक फाइल आहे. जर्मनीत तीस-चाळीस वर्षं काढलेल्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीची जाडजूड फाइल असतेच, करांची वेगळी, विम्याची वेगळी. काकांकडे पाठीवर 'सासुरवाडी' असं देवनागरीत लिहिलेली एक आहे. एकदा त्यांना चष्मा सापडत नव्हता म्हणून त्यांनी मला तिच्यातला एक पत्ता वाचून दाखवायला सांगितला. पत्ता ओदील नावाच्या बाईंचा होता, लाफायेतच्या पश्चिमेकडच्या कुठल्याशा खेड्यातला. त्यांची पत्रं होती, दर संक्रांतीला काका त्यांना तिळाच्या वड्या पाठवतात त्याच्या पावत्या होत्या. कस्टमच्या फॉर्मवर मालाचं वर्णन म्हणून काकांनी लिहिलं होतं, 'धार्मिक मिठाई, चिकट'. आणि सगळ्यात शेवटी, एका प्लास्टिकच्या खिशात, कापडाचा बोटभर तुकडा. पिवळ्या जमिनीवर बारीक हिरवी पानं. हे काय, म्हणून मी तो उजेडात धरला, तर काकांनी फाइल माझ्या हातातून काढून घेतली. रागाने नव्हे, पण घेतली.

एवढं सासुरवाडीचं प्रेम, तर माणसाने जावं की नाही? काका दर वर्षी निघायचे. तिकिटं पाहून ठेवायचे, बॅग बाहेर काढायचे. आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. एकदा गुडघा. एकदा कराचा कागद. एकदा तर हीटरचं मीटर वाचायला माणूस येणार होता, आणि त्या तारखेला आपण घरी नसणं बरं दिसत नाही म्हणून काकांनी अमेरिका रद्द केली. मी म्हटलं, मी किल्ली घेऊन थांबते. काका म्हणाले, मीटर माझं आहे. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की काकांना जायचंच नाहीये. पण मग जायचं नाही तर दर वर्षी बॅग कशाला काढायची?

ते गेल्या फेब्रुवारीत उलगडलं, निदान अर्धंमुर्धं. काका एक पत्र घेऊन खाली आले. ओदीलबाईंचं अक्षर फार थरथरलेलं होतं, काकांना ते लागत नव्हतं. मी वाचू लागले. बाईंनी लिहिलं होतं की त्या एक्याण्णव वर्षांच्या झाल्या, आता एकटं राहणं होत नाही. ईस्टरनंतर मुलगा त्यांना त्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात नेणार आणि घर बंद होणार. आणि शेवटी होतं, 'त्याआधी एकदा या. कुमुदला घेऊन या. तिला पाहिल्याशिवाय मला हे घर सोडायचं नाही.'

मी ते वाक्य परत वाचलं. मग काकांकडे पाहिलं. काका माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीकडे बघत होते.

"काका, यांना माहीत नाही?"

त्यांनी मान हलवली.

"दहा वर्षं?"

मला खरंच राग आला. पत्रात तुम्ही काय लिहीत होतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, 'कुमुदची आठवण' एवढंच लिहायचो, ते काही खोटं नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन करा आणि सांगून टाका. त्यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी भलतं बोलले.

"माहेरी असं फोनवर सांगतात का? नवऱ्याने स्वतः जाऊन सांगायचं असतं."

"पण काका, ते काकूंचं माहेर कसं?"

"लांबची गोष्ट आहे," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुझा रेस्टउरलाउब आहे ना शिल्लक?"

रेस्टउरलाउब म्हणजे गेल्या वर्षीची उरलेली रजा. आमच्याकडे ती मार्चअखेर वापरली नाही तर बुडते, आणि माझी नऊ दिवसांची बुडायच्या बेतात होती. हे काकांना ठाऊक होतं, कारण मीच महिनाभर तिच्या नावाने रडत होते. ऑफिसच्या एका जुन्या दौऱ्यामुळे माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसाही होता. नाही म्हणायला मला काही जागाच उरली नाही. तशी ती हवी होती असंही नाही. आठ वर्षं उघडी राहिलेली फाइल होती ती.

ह्यूस्टनला उतरून मी गाडी भाड्याने घेतली आणि पूर्वेकडे निघालो. सीमा ओलांडून लुइझियानात शिरलो तसे काका सावरून बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून कंगवा फिरवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्याने भरलेली, आणि त्यांत लाल डोक्यांचे पिंजरे ओळीने उभे. मार्चमध्ये तिथे भात नसतो, त्याच पाण्यात झिंगे धरतात, असं काकांनी मला सांगितलं. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच वाक्य.

बाईंचं घर विटांच्या खांबांवर उचललेलं, लाकडी, पुढे ओसरी. मी गाडी थांबवली तरी काका उतरेनात. मी म्हटलं, चला. ते समोरच्या काचेतून घराकडे बघत म्हणाले, "अनघा, तुला वाटत असेल म्हाताऱ्याला धीर नाही. तसं नाही गं. तिकडे आपल्या घरात ती नाही, मिरजेला तर ती कधीच नव्हती. पण या एका घरात ती अजून होती. यायची होती. आता आत जाऊन बोललो की इथूनही जाणार."

मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि उभी राहिले.

ओदीलबाई ओसरीवरच होत्या, चाकांचा वॉकर धरून. ठेंगणी, सुरकुतलेली, एप्रन बांधलेली बाई. काकांना पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच त्यांची नजर काकांच्या मागे गेली. माझ्यावरून फिरली, गाडीच्या मागच्या सीटवर गेली आणि तिथेच थांबली.

"कुमुद कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

काका म्हणाले, "आल्झो..." आणि तिथेच अडले.

बाईंना वाटलं असावं की प्रवासाने दमलेत. त्या आम्हाला आत घेऊन गेल्या, स्वयंपाकघरात. चुलीवर मोठं पातेलं, टेबलावर चार ताटल्या मांडलेल्या. आणि खिडकीला पडदा. पिवळ्या जमिनीवर बारीक हिरवी पानं, उन्हाच्या बाजूने विटलेली.

मला फाइलमधला तुकडा आठवला. काका दारातच उभे राहिले होते. ते पडद्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. काय चाललंय हे मला कळेना आणि बाईंना तर त्याहून कळेना.

"ती गेली, मिस ओदील," काका पडद्याकडे बघतच म्हणाले. "दहा वर्षं झाली."

मग ते बोलत सुटले. सुरुवात इंग्रजीत केली, मध्येच जर्मन आली आणि शेवटी सगळं मराठीत होऊ लागलं. बाई माझ्याकडे बघू लागल्या. मला मध्ये पडावं लागलं. मी काकांचं एकेक वाक्य घेऊन इंग्रजीत सांगत गेले, आणि सांगता सांगता ते मलाही पहिल्यांदाच कळत गेलं.

कुमुदकाकूंनी काकांशी लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध केलं. वडिलांनी सांगितलं की आम्हाला तू मेलीस, आणि ते शब्दाला जागले. पुढे किती वेळा दोघं भारतात गेले, मिरजेला हॉटेलात उतरले, काकू रिक्षात बसून आपलं घर समोरून बघून यायच्या, पण दार कधी उघडलं नाही. मग काकांच्या कंपनीच्या कामासाठी दोघं अमेरिकेत आले होते, रविवारला जोडून लुइझियाना बघायला निघाले, आणि वादळाच्या पाण्याने रस्ते बंद झाले. एका रात्रीसाठी घेतलेल्या या घरातल्या खोलीत ते चार दिवस अडकले. त्या चार दिवसांत ओदीलबाईंनी काकूंना रस्सा शिकवला, काकांना नवऱ्याच्या जुन्या अकॉर्डियनवर अर्धा वॉल्ट्झ शिकवला. पाचव्या दिवशी पाणी ओसरलं.

निघताना काकू गाडीत बसल्या होत्या, पट्टा लावून, पदर मांडीवर घेऊन. ओदीलबाई घाईघाईने आतून आल्या आणि त्यांनी खिडकीतून हात घालून एकेक वस्तू काकूंच्या पदरात टाकली. आपल्या शेतातल्या तांदळाची पुरचुंडी. अंगणातल्या झाडाचे पेकन, आपल्या अक्रोडासारखे. एक मोठं रताळं. आणि पडद्यासाठी आणलेल्या कापडातलं उरलेलं पाच वार कापड, कारण काकूंनी आदल्या दिवशी ते छान आहे म्हटलं होतं.

मी बोलता बोलता थांबले. मग बाईंना सांगितलं की आमच्यात मुलगी माहेरून सासरी निघते तेव्हा आई तिची ओटी भरते. तिच्या पदरात तांदूळ घालते, फळ घालते, नारळ घालते, आणि वर नवं वस्त्र देते.

"नारळ नव्हता," काका म्हणाले. "पण तिने ते रताळं ह्यूस्टनपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. सारखी रडत होती. मला वाटलं, जड होतंय म्हणून रडतेय."

त्या दिवसापासून लुइझियाना काकूंचं माहेर झालं. काकूंनी तसं ठरवलं, आणि काकांची काय बिशाद नाही म्हणायची. कापड त्यांनी कपाटात ठेवलं, कधी शिवलं नाही. आणि मग त्या आजारी पडल्या. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. मिरजेला काकांनी कळवलं होतं, तिकडून काही उत्तर आलं नाही. तेव्हा काका ते पाच वार कापड घेऊन अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणाऱ्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने ते उलगडून पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं की हेर खांबेटे, हा पडदा आहे का.

"मी सांगितलं, नाही, माहेरची साडी आहे," काका म्हणाले. "त्याने तसं फॉर्मवर लिहून घेतलं."

तेच कापड खिडकीत वाऱ्याने हलत होतं. ओदीलबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या की मी तर ते असंच दिलं होतं. लॅन्याप. रताळं दिलं कारण हातात मावत होतं. आपल्या देण्याचं एवढं सगळं झालं याने त्या पुऱ्या गोंधळून गेल्या होत्या, आणि त्यांचा तो गोंधळलेला चेहरा पाहून मला आठ वर्षांत पहिल्यांदा सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

"म्हणजे मी तिची आई," त्या सावकाश म्हणाल्या.

"गेनाऊ," काका म्हणाले. अगदी बरोबर.

"मग माझी मुलगी गेली, आणि मला दहा वर्षं कुणी सांगितलं नाही?"

त्यांनी वॉकर जमिनीवर आपटला. एक्याण्णव वर्षांची ती बाई जी सुरू झाली ती थांबेचना. अर्धं इंग्रजीत, अर्धं त्यांच्या त्या फ्रेंचमध्ये, ज्यातलं आम्हा दोघांना अक्षर कळत नव्हतं. दर संक्रांतीला मी तिच्यासाठी पेकन वेचून ठेवत होते, एवढं मात्र कळलं. उठता बसता 'मी जावई माणूस' म्हणून मिरवणारे खांबेटेकाका खाली मान घालून उभे होते आणि प्रत्येक वाक्याला जर्मनमधलं "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत होते. बोलता बोलता बाईंना रडू कोसळलं. मग काकांनीच त्यांना धरून खुर्चीत बसवलं, आणि दोघं हात हातात घेऊन बसून राहिली. मी चुलीवरचं पातेलं हलवत राहिले, कारण ते खाली लागत होतं.

पातेल्यात नुसती भेंडी होती. जावई मांस खात नाही हे बाईंच्या वीस वर्षांनंतरही लक्षात होतं. जेवताना त्यांनी काकांना दोनदा आग्रह केला आणि एकदा दटावलं. चौथी ताटली कुणी उचलली नाही.

ईस्टरनंतर बाई वृद्धाश्रमात गेल्या. तिथे खोलीत फोन आहे. रविवारी काका फोन स्पीकरवर ठेवून अकॉर्डियन वाजवतात आणि पलीकडून सासूबाई पुढचा सूर गाऊन दाखवतात. वॉल्ट्झ आता अर्ध्याच्या थोडा पुढे सरकलाय. म्हणजे शनिवारी पूर्वी तो एका जागी तुटायचा, आता दुसऱ्या जागी तुटतो, आणि माझ्या इस्त्रीला नवाच घोळ झालाय.

परवा सप्टेंबरात आखातात पुन्हा वादळ उठलं. मी संध्याकाळी कामावरून आले तर आमच्या तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाई अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. काका उन्हात जिरेनियमची कुंडी पोटाशी धरून आत चालले होते. हे काय आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, लुइझियानात वादळ येतंय आणि यांच्या सासूबाई तिथे असतात. बाईंचं काही समाधान झालं नाही. माझं झालं होतं.

वर कठड्यावर काकांचा फोन ठेवलेला होता आणि त्यातून एक म्हातारा, चिरका आवाज अखंड येत होता. काका मध्येच थांबले. कुंडी तशीच धरून त्यांनी नीट ऐकून घेतलं, दोनदा "या, या" म्हणाले, आणि मग कठड्यावरून खाली माझ्याकडे वाकले. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"सासूबाई रागावल्यात," काका म्हणाले. "वादळ कधीच दुसरीकडे वळलं म्हणतात. झाडांना ऊन लागू दे म्हणतात."

आणि त्यांनी कुंडी परत बाहेर ठेवली.